आवडत्या रेकॉर्डची बैठक: भरवावी कशी, ऐकावी कशी आणि बोलावे कशावर

रेकॉर्ड जमवणारी चार माणसे एकत्र आली की बोलणे फार लवकर किमतीवर जाते. कोणती एलपी (लाँग प्ले रेकॉर्ड) चोरबाजारात कितीला मिळाली, कोणाच्या प्रतीचे कव्हर अस्सल आहे, कोणाकडे पहिली आवृत्ती आहे, यातच संध्याकाळ सरते आणि टर्नटेबलवर ठेवलेली तबकडी मागे कुठेतरी वाजत राहते. या गप्पांनाही रंग असतो, हे मान्य करावे लागेल. परंतु आवडती रेकॉर्ड दुसऱ्याला ऐकवायची आणि तिच्यावर चार शब्द बोलायचे असतील, तर एक नियम आधीच ठरवून घ्यावा: एका वेळी एक बाजू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता ऐकायची; आणि त्यानंतरचे बोलणे त्या बाजूत जे प्रत्यक्ष ऐकू आले त्याला धरूनच करायचे.

बैठकीला सहा ते आठ माणसे पुरेत. दहाच्या वर संख्या गेली की दोघेतिघेच बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. एलपीची एक बाजू साधारण अठरा ते पंचवीस मिनिटांची असते. प्रत्येक बाजूनंतर तितकाच वेळ बोलण्यास धरला, तर अडीच तासांत तीन, फार तर चार बाजू होतात. त्यामुळे प्रत्येकाची रेकॉर्ड दर वेळी लागणार नाही, हे निमंत्रण देतानाच सांगावे आणि पाळी लावावी. अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांनी फिरणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांचा हिशेब निराळा आहे. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते, म्हणून ती सलग दोनदा लावावी. पहिल्या वेळी कान केवळ खरखरीला सरावतात. गाणे दुसऱ्या वेळी ऐकू येते.

निवडीत सर्वांत जास्त विचार वेळेचा करावा, कारण आपल्याकडील रागसंगीताच्या एलपींवर दोन बाजूंना दोन वेगळ्या प्रहरांचे राग येणे नेहमीचे आहे. उस्ताद अमीर खाँ यांच्या प्रसिद्ध एलपीच्या एका बाजूस मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूस दरबारी. मारवा दिवेलागणीचा, दरबारी मध्यरात्रीकडचा. दोन्ही बाजू एकापाठोपाठ लावल्या तर दरबारी उगाच लवकर येतो आणि मारव्याने मनात ठेवलेली बेचैनी पुसली जाते. अशा वेळी सहाच्या सुमारास मारव्याची बाजू लावून ती रेकॉर्ड कव्हरमध्ये परत ठेवावी आणि पुढे किशोरी आमोणकर यांच्या भूप व बागेश्री असलेल्या एलपीतील भूप घ्यावा. मारव्यात षड्ज (सा) सतत टाळला जातो आणि पंचम (प) वर्ज्य असतो. भूपात षड्ज आणि पंचम दोन्ही निःशंकपणे उभे असतात. हा फरक शास्त्र न शिकलेल्या श्रोत्यालाही लगेच जाणवतो, आणि चर्चेला आपोआप विषय मिळतो. वेळेचे बंधन न मानणारे रसिकही असतात. त्यांच्याशी वाद घालू नये. एखाद्या रविवारी सकाळी दरबारी लावून काय होते ते सर्वांनी मिळून ऐकावे.

दोन्ही बाजू सलगच ऐकाव्यात अशाही रेकॉर्ड आहेत, मात्र त्या आपल्याकडे थोड्या. चित्रपटगीतांच्या एलपी बहुधा गाण्यांचा संग्रह असतात. त्यांतील क्रम बदलला तरी फारसे बिघडत नाही. १९६७ मधील ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा त्याला ठळक अपवाद. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार घेऊन काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत मांडावा, ही कल्पनाच मुळी एलपीच्या मापाने बेतलेली होती. ती घडवून आणणारे एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीतील जी. एन. जोशी हे मराठी भावगीताच्या आरंभकाळातले गायक, हे पुष्कळ मराठी संग्राहकांना ठाऊक नसते. ही रेकॉर्ड आणणाऱ्याने पाळीचा नियम मोडून दोन बाजूंचा वेळ मागून घ्यावा आणि बाजू पालटताना कोणालाही चहासाठी उठू देऊ नये.

आता यंत्राविषयी. बैठकीत परक्याची रेकॉर्ड आपल्या यंत्रावर लागते, म्हणून यजमानाची जबाबदारी मोठी असते. एलपीची सुई आणि अठ्ठ्याहत्तरची सुई वेगळी लागते, कारण अठ्ठ्याहत्तरची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते. बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा घाणच जास्त वाजवते. टोनआर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीचा, भार काडतुसाच्या (सुई ज्यात बसवलेली असते त्या भागाच्या) निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत ठेवावा. आजच्या बहुतेक काडतुसांना तो दीड ते अडीच ग्रॅमच्या आसपास लागतो. भार कमी ठेवला म्हणजे रेकॉर्ड जपली जाते, हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते. एलपी कधीही चावीच्या ग्रामोफोनवर लावू नये, मग आग्रह कितीही होवो. लाखेच्या तबकडीला स्पिरिटचा थेंबही लागू देऊ नये, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ऊर्ध्वपातित पाण्याने किंचित ओलावलेले मऊ कापड खाचेच्या दिशेने फिरवावे आणि मधले लेबल कोरडे राहील असे पाहावे. एलपीसाठी कार्बन तंतूंचा ब्रश बहुतेक वेळा पुरतो. जुन्या मोनो रेकॉर्ड ऐकताना अँप्लिफायरवर मोनोचे बटण असल्यास ते दाबावे. खरखर बरीच उतरते.

एक गोष्ट मात्र यजमानाच्या हातात नसते, आणि ती चर्चेत हमखास येते. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे याच वेगाने फिरते, परंतु सुईखालून सरकणारी खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असते आणि लेबलाजवळ ती २१ सेंटिमीटरपर्यंत उतरते. तेवढ्याच आवाजाला आत कमी जागा मिळते, म्हणून बाजूच्या शेवटी स्वर चिरकतो. ख्यालाची रचना नेमकी याच्या उलट चालते: विलंबित शांतपणे बाहेरच्या कडेला सुरू होते आणि द्रुतातील सर्वांत जोरकस ताना लेबलाजवळच्या अरुंद जागेत येतात. एखादा श्रोता “शेवटी आवाज फाटला” असे म्हणाला, तर गायकाला दोष देण्यापूर्वी किंवा रेकॉर्ड झिजली असे ठरवण्यापूर्वी सुई कशी बसवली आहे ते तपासावे.

अठ्ठ्याहत्तरच्या बाबतीत तसाच घोटाळा वेगाचा होतो. आरंभीच्या काळातील सर्वच तबकड्या बरोबर ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. मूळ मुद्रण ७४ च्या जवळपास झालेले असेल आणि आपण ते ७८ वर लावले, तर स्वर जवळजवळ एका पट्टीने चढतो. हार्मोनियमच्या काळी चारमध्ये गायलेले पद पांढरी सहामध्ये ऐकू येते आणि लयही वाढते. “त्या काळचे गायक किती वर गात” असे उद्गार काढण्याआधी वेग थोडा कमी करून पाहावा, आणि आवाज माणसाचा वाटू लागला की तेथे थांबावे.

रेकॉर्ड आणणाऱ्याने प्रास्ताविक करावे, पण ते दोन-तीन मिनिटांच्या वर जाऊ नये. गायक-वादक कोण, साथीला कोण, राग आणि ताल कोणता, रेकॉर्ड कोणत्या कंपनीची, एवढे सांगितले की पुरे. साथीदारांची नावे अवश्य घ्यावीत. जुन्या तबकड्यांच्या लेबलांवर ती बहुधा नसतात आणि कव्हरवर असली तरी बारीक अक्षरांत दडलेली असतात. कव्हरवरील वर्ष सांगताना ते मुद्रणाचे, पहिल्या प्रकाशनाचे की पुनर्मुद्रणाचे, हे जपून बोलावे. कोणती जागा किती सुंदर आहे हे मात्र आधी सांगू नये. तसे सांगितले की सगळे त्या जागेची वाट पाहत बसतात आणि आधीची पंधरा मिनिटे वाया जातात. कव्हर ऐकण्यापूर्वी हातोहात फिरवावे किंवा नंतर. सुई खाली असताना नव्हे.

ऐकताना न बोलण्याचा नियम दादेला लागू नाही. समेवर मान डोलली, “क्या बात है” निघून गेले, तर ते आपल्या ऐकण्याच्या रीतीला धरूनच आहे; संपूर्ण निःशब्द बसलेली मराठी मंडळी मला तरी संशयास्पद वाटतात. शेजाऱ्याला माहिती पुरवणे मात्र टाळावे.

बाजू संपल्यावर ज्याने रेकॉर्ड आणली त्याने शेवटी बोलावे. हा नियम पाळायला सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगाचा आहे, कारण मालकाने आधी मत दिले की इतर जण सभ्यतेपोटी त्याच्या मागे जातात. पहिले बोलणे त्या प्रकारचे संगीत फारसे न ऐकणाऱ्यावर सोपवावे आणि त्याला “कसे वाटले” असे न विचारता “कोणती जागा लक्षात राहिली” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला “छान” एवढेच उत्तर मिळते; दुसऱ्याला काहीतरी धरण्याजोगे मिळते. ती जागा पुन्हा ऐकायची झाली, तर सुई खाली सोडण्याचे काम एकाच सरावलेल्या हाताने, लीव्हर वापरून करावे. एकच जागा दोनदा ऐकल्यावर मत बदलणे हा अशा बैठकीतला सर्वांत चांगला भाग असतो.

त्यानंतर तुलनेकडे वळावे. तीन मिनिटांची मर्यादा गायकाने कशी पेलली, हा मला स्वतःला न संपणारा विषय वाटतो. केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर पाठवलेल्या सुवर्णतबकडीवर ती आहे, ही गोष्ट सर्वांना पाठ असते, पण त्या साडेतीन मिनिटांत आलाप किती, बोल किती, तान कोठे येते, हे कोणी मोजून पाहत नाही. ती ऐकून लगेच एखाद्या एलपीवरील वीस मिनिटांची भैरवी लावावी. लांब गायनात काय जास्त मिळाले आणि काय केवळ पसरले, यावर मतभेद होतील, आणि ते व्हायलाच हवेत. घराण्यांची भांडणे मात्र लांबू लागली की सूत्रधाराने एकच अट घालावी: जे म्हणायचे ते आता ऐकलेल्या बाजूत दाखवून द्यावे. ज्यांना एखादी बाजू आवडली नाही त्यांनी तसे स्पष्ट सांगावे, परंतु आवडती वस्तू घेऊन आलेल्या माणसासमोर आपण बोलत आहोत, याचे भान ठेवावे.

परदेशात विखुरलेली मराठी मंडळी व्हिडिओ कॉलवर अशी बैठक घेऊ पाहतात. त्यात एक तांत्रिक अडचण आहे. बहुतेक सेवा सतत चालणारा आवाज गोंगाट समजून दाबतात, आणि सर्वांत आधी तानपुरा नाहीसा होतो. ही गाळणी सेटिंगमध्ये बंद करता येत असेल तर करावी. नाहीतर प्रत्येकाने ठरलेली रेकॉर्ड किंवा तिची डिजिटल प्रत आपापल्या घरी आधी ऐकावी आणि कॉल फक्त बोलण्यासाठी ठेवावा.

रेकॉर्ड उसनी देण्याचा प्रश्न प्रत्येक मंडळात येतो. एलपी देण्यास हरकत नाही. लाखेच्या तबकड्या देऊ नयेत, कारण त्या हातातून सुटल्या की संपल्या. पावसाळ्यात कोणतीही रेकॉर्ड प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून देऊ-घेऊ नये, आत ओल कोंडून कव्हरला बुरशी येते. परत आलेली रेकॉर्ड उभी ठेवावी, आडव्या थप्पीत घालू नये. मंडळाची एक नोंदवही असावी, तीत तारीख, रेकॉर्डचा क्रमांक, लेबलाजवळच्या मोकळ्या जागेत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक आणि कोणी काय म्हटले त्याच्या दोन ओळी लिहाव्यात. एखादी तबकडी खरोखर दुर्मिळ निघाली, तर मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेतील जाणकारांना याच नोंदीतील क्रमांक कळवता येतात. किमतीची चौकशीही मग तेथेच करावी.