जुन्या एमजीबीचं इंजिन खडखडतंय? हेड खोलायच्या आधी हे करून बघा

आमच्याकडे बाबांची 1967 ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, गडद हिरवी, आणि गेल्या चैत्रात तिला एक खडखड लागली. तिसऱ्या गिअरमधे ॲक्सिलरेटर दाबला की दोन हजार आरपीएमच्या आसपास खर्रर्र सुरू, पाय उचलला की एकदम गप्प. घरासमोर न्यूट्रलमधे कितीही रेस द्या, काहीच नाही. एका गॅरेजवाल्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं की क्रँक (इंजिनातला मुख्य फिरणारा दांडा) गेला, इंजिन उतरवावं लागेल. त्या रात्री बाबा जेवले नाहीत नीट.

आमच्या लोकमान्य नगरात मागच्या गल्लीत एक मिस्त्रीकाका आहेत, जन्मभर अँबेसिडर दुरुस्त केल्या. आता अँबेसिडरचं जुनं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या कंपनीच्या) बी-सिरीज घराण्यातली, म्हणजे चुलत भावंडंच, त्यामुळे हे इंजिन कसं बोलतं ते काकांच्या कानात बसलेलं आहे. मी त्यांना तोंडाने आवाज काढून दाखवायला लागलो तर म्हणाले, "आवाज कसा येतो ते राहू दे बाळा, कधी येतो ते सांग. थंड असताना की गरम झाल्यावर, क्लच दाबल्यावर की सोडल्यावर, चढावर की उतारावर." मग वही काढून आठ दिवस फक्त हेच लिहीत बसलो, आणि निम्मं काम तिथेच झालं.

सगळ्यात आधी ऑइल प्रेशरचा काटा बघा. डिपस्टिक बघा, ऑइल कमी असेल तर भरा आणि मग इंजिन चांगलं गरम करून चालवा, चालत्या गाडीत प्रेशर साधारण 50 ते 80 पीएसआय पाहिजे, स्लोवर 10 ते 25 चालतं. काटा खाली पडलाय आणि खालून जड ठक-ठक येतेय तर गाडी तिथेच बंद करा, टो करून आणा, ते बेअरिंगचं लक्षण आहे आणि अजून एक किलोमीटर चालवलीत तर क्रँकच खराब होईल. आमचा काटा छान 60 वर होता. तेवढ्यावरूनच काका म्हणाले की घाई नको, इंजिनाला हात लावायचा नाही अजून.

मग क्लच. न्यूट्रलमधे इंजिन चालू ठेवून क्लच दाबा. दाबल्यावर आवाज गेला तर दोष गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे आहे, इंजिन बिचारं निर्दोष. दाबल्यावर आवाज सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग, एमजीबीत ती कार्बनची रिंग असते आणि झिजून संपते. ही परीक्षा दहा सेकंदांची आहे तरी लोक करत नाहीत आणि हेड खोलून बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्यानंतर फॅनबेल्ट काढा आणि अर्धा मिनिट इंजिन चालवा, त्याहून जास्त नाही कारण वॉटर पंप फिरत नसतो. आवाज गेला तर पंप, डायनॅमो नाहीतर पुली, तिथे शोधा.

अजून आवाज आहे? मग बेल्ट परत लावा, लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक इंजिनावर, लाकडी मूठ कानाच्या मागच्या हाडाला. शर्टाच्या बाह्या वर, गळ्यातलं काही लोंबत असेल तर काढून ठेवा, पंखा समोरच फिरत असतो. रॉकर कव्हरवर (इंजिनाच्या वरच्या झाकणावर) टिकटिक जास्त ऐकू आली तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांतली फट. समोरच्या टायमिंग कव्हरवर साखळी घासल्यासारखं आलं, विशेषतः रेस सोडताना, तर टायमिंग चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर. जर कोणी नुकतीच चेन बदलली असेल तर एक विचारा, नवा टेन्शनर बसवल्यावर त्याच्या खालचा छोटा बोल्ट काढून आत ॲलन की घालून तो मोकळा केला होता का. जुन्या दुहेरी चेनच्या गाड्यांत हे राहून जातं, टेन्शनर आवळलेलाच राहतो आणि नवी कोरी चेन कव्हरवर आपटत राहते.

ब्लॉकच्या खालच्या बाजूला जड ठोका ऐकू येत असेल तर एकेका प्लगची वायर काढून बघा. इंजिन बंद करून काढायची, वायर नीट अर्थला लावायची, मग चालू करायचं, चालत्या गाडीत हाताने ओढू नका, झटका जोरदार बसतो. ज्या सिलेंडरची वायर काढल्यावर ठोका एकदम मऊ पडला त्याचा बिग एंड, म्हणजे पिस्टनच्या दांड्याचं क्रँकवरचं बेअरिंग, वाजतोय. आमच्यात चारही वायरी काढून पाहिल्या, काही फरक नाही.

म्हणजे लोडवरच येणारा आवाज. याला मुख्यतः दोन कारणं. एक म्हणजे पिंकिंग, सिलेंडरमधे पेट्रोल अवेळी पेटल्याचा आवाज, डब्यात छर्रे हलवल्यासारखा. या इंजिनाचं कॉम्प्रेशन 8.8 ला 1 आहे, इंग्लंडात ते 97 ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालायचं आणि आपल्याकडचं साधं पेट्रोल बरीच वर्षं 91 चं होतं, त्यावर ठिणगीचं टायमिंग जरा पुढे असलं की चढावर कुरकुर करणारच. आम्ही 95 वालं भरलं, टायमिंग दोन डिग्री मागे घेतलं आणि इंदूरजवळच्या सिमरोलच्या पुढे भेरूघाटात नेली. तस्संच खर्रर्र, काही फरक नाही, म्हणजे पिंकिंग नाही. टायमिंग परत होतं तिथे आणलं.

दुसरं कारण, आणि आमचं हेच निघालं. लोड आला की इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर पिळतं, बरोबर सायलेन्सरचा पाइपही हलतो आणि बॉडीला लागला की पत्र्यातून असा आवाज येतो की वाटतं इंजिनच फुटतंय. काकांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, बोटावर चुना घेतला, गाडी स्टँडवर घेऊन खाली सरकले आणि पाइप जिथेजिथे बॉडीच्या जवळून जातो तिथे चुन्याचं बोट फिरवलं (पाइप पूर्ण थंड असताना, आणि फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका). मग एक चक्कर मारली, तिसऱ्या गिअरमधे चार-पाच वेळा खेचली, परत आलो, पाइप थंड व्हायची वाट बघत चहा घेतला.

टॉर्च मारला तर गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे त्याला खालून धरणाऱ्या आडव्या पट्टीवर, पांढरा डाग! पाइपवर त्याच जागी चुना पुसला गेलेला, आणि खाली नाण्याएवढा चकचकीत गोल. आजूबाजूला पन्नास वर्षांचा गंज आणि मधे तेवढंच लोखंड चांदीसारखं चमकतंय. बाबा गुडघे दुखत असतानाही खाली वाकून बघत राहिले. इंजिनाचं एका बाजूचं माउंटिंग धातूपासून सुटलं होतं, वरून दिसायला धडधाकट, पहारीने जरा उचललं की फट उघडायची. दोन्ही माउंटिंग बदलली (एक बदलू नका, उंची जुळत नाही), पाइपचा रबरी हँगर बदलला, क्लँप सगळे ढिले करून पाइप मोकळा बसू दिला आणि मग आवळले. बोटभर जागा राहिली पाहिजे. खर्रर्र संपली.

मात्र मोठा आवाज गेल्यावर आत एक बारीक टिकटिक उरली, ती आधी झाकली गेली होती. ती टॅपेटची. थंड इंजिनावर फट 15 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.38 मिलिमीटर, आणि लक्षात ठेवायला नऊची बेरीज: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसरा, असं. गेज बरोबर बसूनही टिकटिक राहिली तर रॉकरचं तोंड बघा, तिथे व्हॉल्व्हच्या दांड्याने खळगा पाडलेला असतो, गेजची पट्टी त्या खळग्यावरून आडवी जाते आणि खरी फट मोजलीच जात नाही. आमच्या तिसऱ्या रॉकरला असाच खळगा होता. तो बदलला, परत 15 थाऊ केलं.

परवा सकाळी बाबांनी स्वतः चालवत घाटापर्यंत नेली, काच खाली करून. मी बाजूला बसलो होतो, दोघांपैकी कोणी बोललं नाही, नुसतं ऐकत होतो.