सिक्युरिटी एजन्सी काढताय? या चुका टाळा

निवृत्तीनंतर काय करायचं, या प्रश्नाला आमच्याकडे ठरलेलं उत्तर आहे: सिक्युरिटी एजन्सी. चार ओळखी, दोन सोसायट्या आणि एक कन्सल्टंट गाठला की झालं. 'पसारा लायसन्स'चा, म्हणजे एजन्सीला परवाना देणारा खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा, वाचलाय का, असं विचारलं तर 'ते कन्सल्टंट बघतो' म्हणतात. २००५ चा हा कायदा जेमतेम २५ कलमांचा आहे. दुपारचं जेवण झाल्यावर बसलात तर चहापर्यंत संपतो. तेवढाही धीर नसेल तर या धंद्यात येऊ नका.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र विकत घेणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. केंद्राच्या नमुना नियमांत गार्डसाठी १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, असं किमान २० कामाच्या दिवसांत पसरलेलं प्रशिक्षण सांगितलंय. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ४० अधिक १६ तास, किमान ७ दिवस. माजी सैनिकांना काहीच लागत नाही, हा गोड गैरसमज आहे.

बाजारात मात्र आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो दिले की संध्याकाळी प्रमाणपत्र हातात पडतं. त्याचं पुढे काय होतं ते ऐका. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात रात्रपाळीला विजेच्या पॅनेल रूममधून धूर यायला लागला. तिथे ड्युटीवर असलेल्या गार्ड पोराने आग विझवायचा सीओटूचा सिलिंडर उचलला आणि पिन न काढताच दांडा दाबत राहिला. काहीच येईना म्हटल्यावर सिलिंडर टाकून पाण्याची बादली घेऊन धावला. चालू पॅनेलवर पाणी! मेंटेनन्सच्या माणसाने त्याला मागून कंबरेला धरून ओढलं आणि मेन स्विच पाडला, म्हणून पोरगा वाचला.

नंतर कंपनीने मला कागद तपासायला बोलावलं. प्रमाणपत्र झकास होतं, अग्निशमनापुढे 'उत्तम' असा शेरा. मी फक्त त्यावरच्या तारखा ड्युटी मस्टरच्या शेजारी ठेवल्या. पठ्ठ्या ज्या दिवशी पुण्यात वर्गात बसला होता, त्याच दिवशी चाकणच्या गेटवर बारा तास उभाही होता, आणि हे एक-दोन दिवस नाही, पूर्ण कोर्सभर. एजन्सीचा मालक म्हणाला, "सर, सगळेच असं करतात." कॉन्ट्रॅक्ट गेलं ते गेलंच. पोराला मी दोष देत नाही. पिन कुठे असते हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

माझी सवय सांगतो. रिफिलिंगला जाणारे सिलिंडर आधी मैदानात आणतो आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने उडवायला लावतो. लाजणाऱ्याला दोनदा. आणि कुठलीही फाइल हातात आली की पहिल्यांदा प्रमाणपत्राच्या तारखा आणि मस्टर. बाकीचं नंतर.

जाता जाता: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी वर्गात अजून जुन्या आयपीसीच्याच (भारतीय दंड संहितेच्या) नोट्स वाटल्या जातात. त्या रद्दीत घाला.

पोलिसासारखा गणवेश

'जरा रुबाब पाहिजे' म्हणून खाकी शिवणारे मालक कमी नाहीत. सैन्याच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा दिसणारा पोशाख गार्डने घातला, तर कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यात मालकही येतो. कापड घेण्याआधी मी नमुना अंगावर चढवून माणसाला रस्त्यापलीकडे उभा करतो. त्याला पोलीस समजून रिक्षावाल्याने घाईघाईने खिशातून बॅज काढला, की तो रंग बाद. रुबाब हवाच असेल तर दंडावर एजन्सीचा बिल्ला, डाव्या खिशात शिट्टी आणि लेसचे पॉलिश केलेले बूट द्या. नियमांतही तेच आहे.

बारीकसारीक, पण महागात पडणाऱ्या

परवाना एका जिल्ह्याचा (फी ५,००० रुपये) आणि गार्ड शेजारच्या जिल्ह्यात. पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० आणि अख्ख्या राज्याचे २५,००० आहेत. कंजूषपणा करायची ही जागा नव्हे.

पंधरा गार्डांमागे एक सुपरवायझर हवा. व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन म्हणजे सुपरवायझर नव्हे.

वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेले काका 'अजून ठणठणीत आहेत' म्हणून ठेवता येत नाहीत.

नूतनीकरणाचा अर्ज परवाना संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी.

महाराष्ट्रात १९८१ चा सुरक्षारक्षक कायदा आणि त्याखालची, गार्डांचा रोजगार आणि कल्याण बघणारी मंडळं वेगळी आहेत. पसारा मिळाला म्हणजे ते सुटलं असं नाही. कन्सल्टंट हे हमखास सांगत नाही.

गार्डला पोलीस समजणं

ही चूक सोसायटीच्या कमिट्यांची. 'कामवाल्या बायांच्या पिशव्या तपासा, चोर सापडला तर केबिनमध्ये बसवून ठेवा.' गार्डला सामान्य नागरिकापेक्षा काडीचाही जास्त अधिकार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, किंवा समोरचा कोर्टाने फरार जाहीर केलेला असला, तरच त्याला माणूस धरता येतो, आणि तोही विनाकारण उशीर न करता, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावा लागतो. केवळ संशयावरून कोंडलंत तर तक्रार तुमच्याच गार्डवर होईल, आणि तेव्हा कमिटी 'आम्ही असं सांगितलंच नव्हतं' म्हणून मोकळी. त्यामुळे कमिटीच्या तोंडी सूचना मी घेतच नाही. लेटरहेडवर सही-शिक्क्यासह द्या म्हणतो. बहुतेक वेळा ते पत्र कधी येत नाही. गार्डला माझं सांगणं एवढंच: गाडीचा नंबर लिही, शिट्टी वाजव, ११२ लाव.