स्मरणशक्तीसाठी ताई ची करताय? या चुका टाळा

साठी-सत्तरीतले बरेच जण ताई ची, म्हणजे संथ, एकामागून एक हालचालींचा चिनी व्यायाम, सुरू करतात आणि महिनोन् महिने यूट्यूबवरच्या व्हिडिओकडे बघत हात हलवत राहतात. तोल सुधारतो, सांधे मोकळे होतात, पण पुढची हालचाल कोणती हे आठवायचं काम त्या व्हिडिओनेच करून टाकलेलं असतं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

चीनमध्ये १९५६ साली ताई चीच्या यांग शैलीवरून २४ हालचालींचा सोपा क्रम बसवला गेला. बहुतेक वर्गांत तोच शिकवतात. त्यातली ‘घोड्याची आयाळ’ बघा. वजन उजव्या पायावर, दोन हातांमध्ये जणू चेंडू धरलाय, डावा पाय मोकळा. आधी डावी टाच टेकते, मग वजन हळूहळू पुढे सरकतं, डावा हात वर जातो आणि उजवा मांडीपाशी उतरतो. एवढं सगळं एकाच वेळी ध्यानात ठेवायचं. म्हणून एक हालचाल नीट बघा, व्हिडिओ बंद करा आणि स्वतःच्या आठवणीने करा. अडलात तर लगेच फोन उचलू नका, थोडं आठवू द्या.

पाठ झालं की तेच ते करत राहणं ही त्याच्या पुढची चूक. अमेरिकेत पासष्टीपुढच्या, विसरभोळेपणाची तक्रार किंवा सौम्य बौद्धिक घट असलेल्या ३१८ जणांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने, आठवड्यातून दोनदा, घरबसल्या व्हिडिओ कॉलवर वर्ग. बौद्धिक चाचणीत साधी ताई ची करणारे स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा पुढे होते, आणि हालचालींसोबत डोक्याला काम दिलेला गट त्यांच्याही पुढे. तुम्हीही पुढच्या हालचालीचं नाव मोठ्याने म्हणा, क्रम बदलून बघा. मात्र पाय स्थिर झाल्यावरच, आणि हाताशी जड खुर्ची ठेवून.

पंधरा दिवसांत फरक दिसत नाही म्हणून सोडू नका; वरचा अभ्यासही सहा महिन्यांचा होता.

गुडघे दुखत असतील तर बहुधा तुम्ही व्हिडिओतल्या तरुणाइतके खाली बसताय. उभे राहूनच करा, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच ठेवा. वळताना पाऊल जमिनीला चिकटलेलं आणि गुडघा पिळलेला, असं होऊ देऊ नका. आधी वजन काढा, मग पाऊल वळवा. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून अजिबात नको. श्वासही रोखू नका.

शक्य असेल तर एकट्याने करू नका. शांघायमधल्या १२० ज्येष्ठांच्या अभ्यासात ४० आठवड्यांनंतर ताई ची करणाऱ्यांच्या मेंदूचं आकारमान वाढलेलं आढळलं, आणि नुसत्या गप्पांसाठी भेटणाऱ्या गटातही ते वाढलं होतं! तेव्हा ज्येष्ठ नागरिक संघात चौघं जमवा, आणि वर्ग संपल्यावर लगेच घरी पळू नका.

ताई चीच्या भरवशावर डॉक्टरांकडे जायचं टाळणं मात्र धोक्याचं. विसरभोळेपणामागे बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं अशी उपचार होण्याजोगी कारणं असू शकतात. शाकाहारी घरांत बी-१२ तर तपासावंच. ‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका, आणि चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. आई-बाबा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळल्यासारखे वागू लागले, तर जंतुसंसर्ग किंवा रक्तातलं सोडियम उतरणं असं काही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.