कप्रेटचं परावर्तन मोजताय? या चुका टाळा

कप्रेट, म्हणजे तांबे-ऑक्सिजनची प्रतलं असलेल्या अतिसंवाहकांचा इन्फ्रारेड वर्णपट हाती आला रे आला की मुलं संवाहकता काढायला बसतात. कच्च्या परावर्तनाकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यातून आपल्या गोव्यात जूनपासून चवथीपर्यंत हवेत नुसतं पाणी. निम्मी भानगड तिथेच सुरू होते.

बर्फाला गॅप म्हणणे

ऐन जुलैतली गोष्ट. एक विद्यार्थी वायबीसीओचा (यिट्रियम, बेरियम, तांबे, ऑक्सिजन असलेल्या कप्रेटचा) क्रिस्टल थंड करत होता. 3250 प्रतिसेंटीमीटरच्या आसपास परावर्तनात छानसा खड्डा पडला. "सर, टीसीच्या वरच दिसतोय, स्यूडोगॅप असणार!" टीसी म्हणजे अतिसंवाहकता जिथे सुरू होते ते तापमान, गॅप म्हणजे इलेक्ट्रॉनांना मज्जाव असलेला ऊर्जेचा पट्टा, आणि स्यूडोगॅप म्हणजे टीसीच्या वरही दिसणारा अर्धवट गॅप. अरे बाबा, स्यूडोगॅप काही दहा मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टांच्या घरातला, आणि हा खड्डा 400 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टांवर. त्याला म्हटलं, तापमान 100 केल्विनवरच ठेव आणि चहा पिऊन ये. परत आला तेव्हा खड्डा आणखी खोल गेला होता. कप्रेटचं भौतिकशास्त्र घड्याळ बघून बदलत नाही. क्रिस्टलवर बर्फाचा थर मात्र वाढत राहतो. 3250 ही बर्फातल्या ओ-एच बंधाच्या कंपनाची जागा. सॅम्पल 200 केल्विनपर्यंत तापवलं, खड्डा गायब.

कारण काय, तर अर्धा तास पंप चालवून लगेच नायट्रोजन ओतला होता, आणि ओ-रिंगवर केस चिकटला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी क्रायोस्टॅट (सॅम्पल थंड करायचं निर्वात भांडं) रात्रभर पंपावर ठेवतो. सकाळी आधी आतलं कवच थंड होऊ देतो, तोवर हीटर लावून सॅम्पल कोमट ठेवतो. जे पाणी उरलंय ते कवचावर बसू दे.

आरशावर भरवसा

ही चूक दिसत नाही, म्हणून जास्त नडते. ऑप्टिमल डोपिंगच्या (म्हणजे टीसी सर्वांत जास्त असलेल्या) क्रिस्टलचं ताम्र-ऑक्सिजन प्रतलातलं परावर्तन फार-इन्फ्रारेडमध्ये टीसीखाली 99 टक्क्यांच्या वर जातं. खरा आकडा 99 असताना तुम्ही 98 मोजलात, तर एका टक्क्याची चूक वाटते. पण शोषण 1 वरून 2 टक्के झालं, म्हणजे दुप्पट. संवाहकता त्या शोषणावरच उभी. मग बाजूला ठेवलेल्या सोन्याच्या आरशाशी तुलना करून, तो किंचित तिरका असताना, 'गॅपची धार' कशी काय सांगता?

उपाय जुनाच आहे: सॅम्पल मोजा, मग जागचं न हलवता त्याच्यावरच सोन्याचा थर चढवा आणि पुन्हा मोजा. पृष्ठभागाचा खडबडीतपणा, तिरपेपणा, आकार सगळं भागाकारात निघून जातं. क्रिस्टल खराब होईल म्हणून रडणाऱ्यांना मी परावर्तन मोजायलाच देत नाही. दृश्य प्रकाशात मात्र सोनं नको, ते निळा शोषतं, तिथे ॲल्युमिनियम.

बाकीच्या

पेलेटवर (दाबून केलेल्या भुकटीच्या गोळीवर) प्रतलाचे गुणधर्म मोजू नका. त्यात प्रतलाला लंब असलेला सी-अक्ष मिसळतो आणि त्याचे फोनॉन, म्हणजे जालकाची कंपनं, डोकावतात. 1987 नंतर अशा मोजमापांतून गॅपचे बरेच आकडे निघाले, ते क्रिस्टलवर टिकले नाहीत.

वायबीसीओत प्रतलातल्या ए आणि बी अक्षांपैकी बी-अक्षाच्या दिशेने असलेल्या तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्याही वीज वाहतात. जुळे क्रिस्टल (ज्यांत हे दोन अक्ष जागोजागी अदलाबदल झालेले असतात) असतील तर ए आणि बी वेगळे सांगण्याचा आव आणू नका.

वायबीसीओ पाण्याने पॉलिश करू नका, पावसाळ्यात उघड्या डिशमध्ये ठेवू नका. दमट हवेत पृष्ठभागावर बेरियमचे हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट तयार होतात, आणि मग तुम्ही त्यांचंच परावर्तन मोजता. बिस्मथ-2212 हा दुसरा कप्रेट यापेक्षा सरळ: चिकटपट्टी लावून ओढा, ताजा पृष्ठभाग तयार.

वर्णपटमापीतला केबीआरचा (पोटॅशियम ब्रोमाइडचा, ओल शोषणारा) बीमस्प्लिटर चवथीच्या सुट्टीत कोरड्या हवेविना सोडून गेलात, तर परत याल तेव्हा तो दुधाळ झालेला असेल. सिलिका जेल बदलायला शिपायाची वाट बघू नये.

क्रॅमर्स-क्रोनिग (परावर्तनातून संवाहकता काढायचं गणित) करताना, मोजता न आलेल्या कमी वारंवारतेची शेपटी नीट जोडा: टीसीच्या वर हॅगन-रुबेन्स हे धातूंचं सूत्र, खाली एक वजा वारंवारतेचा चौथा घात. मी नेहमी दोन-तीन वेगळ्या शेपट्या लावून बघतो. संवाहकतेचा जो भाग त्यांच्याबरोबर हलतो, तो मी छापत नाही. टीसीखाली संवाहकतेच्या आलेखाखालचं जे क्षेत्रफळ हरवतं, त्यातून पेनिट्रेशन डेप्थ (चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकात किती खोल शिरतं ते अंतर) काढा. ऑप्टिमल वायबीसीओला ती साधारण 150 नॅनोमीटर यायला हवी. 400 आली, तर पुन्हा आरशापासून सुरुवात.