इंग्रजी वाक्यातलं चुकलेलं स्पेलिंग शोधताय? आधी या चुका टाळा

बँकेची परीक्षा असो, स्टाफ सिलेक्शनची असो, नाहीतर होमस्टेचा फ्लेक्स छापायला जायच्या आधी "सर जरा बघून द्या" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर असो, काम तेच, इंग्रजी वाक्यात कुठल्या शब्दाचं स्पेलिंग गंडलंय ते पकडायचं. कुडाळला क्लास घेतो मी. दर वर्षी पोरं नवीन, चुका त्याच. सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाक्य वाचणं. हसू नका, खरंच सांगतोय. समजा वाक्य आहे, 'द गव्हर्नमेंट हॅज अपॉइंटेड अ सेपरेट कमिटी', त्यातले चार शब्द ठळक केलेत आणि पाचवा पर्याय 'ऑल करेक्ट'. पोरगं झरझर वाचतं, अर्थ लागतो, अर्थ लागला की डोकं म्हणतं झालं काम, आणि ठोकतं ऑल करेक्ट. सेपरेटमध्ये पी आणि आर यांच्यामध्ये ए हवा, तिथे ई बसलाय, तो दिसतच नाही. दिसणार कसा, अर्थ कळला की डोळा अक्षरं बघायचं सोडतो. ते फॉरवर्ड सगळ्यांना आलेलं असतं ना, पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली कशीही फिरवा तरी वाचता येतं, केंब्रिजचं संशोधन वगैरे? ते २००३ पासून फिरतंय आणि केंब्रिजमध्ये तसं संशोधन कुणी केलेलंच नव्हतं, तिथल्याच एका संशोधकाने नंतर ते लिहून टाकलं. पण ते वाचताना आपण अडखळत नाही एवढं तर खरं, आणि नेमकं तेच आपल्या मुळावर येतं.

माझी सवय अशी की वाक्य शेवटून वाचायचं. शेवटचा शब्द, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा. अर्थ लागायला वावच ठेवायचा नाही. कागद असेल तर पेनाचं टोक शब्दाखाली, स्क्रीन असेल तर माऊस शब्दावर, आणि मोठा शब्द मनात तोडून, सेप, ए, रेट. बाजारात आई बांगडे घेताना टोपलीकडे बघून पैसे देत नाही, एकेकाचा कल्ला उचलून बघते, तसं एकेका शब्दाचं करायचं. वेळ जातो ही तक्रार मला ऐकवू नका. बँक क्लार्कच्या प्रिलिमला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटं असतात, त्यात पॅसेजमध्ये तुम्ही किती वेळ घालवता ते मला माहितीय.

आता उलटं वाचलं की सगळं सापडतं असंही नाही, आणि इथेच तारकर्लीचा किस्सा सांगायलाच हवा.

एका काकांचा होमस्टे, सीझन तोंडावर आलेला, आठ बाय चारचा फ्लेक्स करायचा. मजकूर पुण्यातल्या भाच्याने लॅपटॉपवर वर्डमध्ये टाईप करून दिला, सगळा कॅपिटलमध्ये, कारण म्हणे बोर्डावर कॅपिटलच भारी दिसतं. तपासायला दिला माझ्याच क्लासमधल्या एका पोराला. पोरगं हुशार पण घाईचं, स्कूटरवर बसल्या बसल्या फोनवर बघितलं आणि ओके पाठवून दिलं. फ्लेक्स लागला देवबागच्या रस्त्याला. त्यावर अकॉमोडेशनमध्ये एम एकच, आणि खाली फिश थाळी, सोलकढी, अँड अनलिमिटेड डेझर्ट, त्या डेझर्टमध्ये एस एकच. म्हणजे जेवणानंतर गोड नाही, अमर्याद वाळवंट. समोर किनाऱ्यावर वाळू आहेच म्हणा, खोटं काही लिहिलं नव्हतं! टुरिस्ट त्या बोर्डासमोर थांबून सेल्फी काढायला लागले तेव्हा काकांना वाटलं जाहिरात जोरात चाललीय.

पोराला विचारलं तर म्हणतो, "मोबाईलान लाल रेघ दाखवूक नाय ओ सर." आणि काका म्हणाले, "माका काय म्हायत, पोरान बघल्यान म्हणान छापूक दिलंय." शेवटी प्रेसवाल्याने एक एम आणि एक एस स्टिकरवर कापून दिले, ते चिकटवले, पण जागा कुठे होती, दोन्ही शब्द आजही गर्दीतल्या एसटीसारखे कोंबलेले दिसतात.

लाल रेघ का आली नाही ते समजून घ्या, कारण अर्धं जग त्या रेघेवर विसंबून असतं. वर्डमध्ये मुळात सेटिंगच असं असतं की सगळा शब्द कॅपिटलमध्ये असेल तर तो तपासायचाच नाही. तिथे अकॉमोडेशन सुटलं. फोनवर तर फोटो आला होता, फोटोतलं स्पेलिंग कोण तपासणार. आणि एका एसचं डेझर्ट हा स्वतः बरोबर शब्द आहे, वाक्यात चुकीचा आहे एवढंच, तिथे साधा स्पेलचेक कॅपिटल नसतानाही गप्पच बसतो. स्टेशनरीचा तसाच घोळ, ई आर वाय म्हणजे वह्या-पेनं, ए आर वाय म्हणजे जागच्या जागी उभं असलेलं. प्रिन्सिपल दोन, शेवटी ए एल असलेला मुख्याध्यापक आणि एल ई असलेला तत्त्व, डायरी आणि डेअरी, क्वाइट आणि क्वायट, लूज आणि लूझ, फॉर्म आणि फ्रॉम, हे सगळे त्यातलेच. म्हणून दोनदा वाचायचं. एकदा शेवटून, फक्त अक्षरांसाठी. एकदा सुरुवातीपासून, हाच शब्द इथे हवा होता का ते बघायला. कॅपिटलमधला मजकूर आला तर मी आधी वर्डमध्ये सगळा सिलेक्ट करून शिफ्ट आणि एफ थ्री दाबतो, लहान अक्षरं करून घेतो, मगच बघतो. आणि छापायला जायचं असेल तर झेरॉक्सवाल्याकडून एक प्रिंट काढून कागदावर वाचतो, कागदावर जे दिसतं ते फोनवर दिसत नाही हे माझं ठाम मत.

दुसरी माझी आवडती चूक, म्हणजे नावडती. "सर, हे बघायला कसंतरी वाटतंय म्हणून चुकीचं." अरे पण तुझ्या डोळ्याने आयुष्यभर बघितलंय काय? दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी घेऊन या, एका एमचं अकॉमोडेशन इतक्या बोर्डांवर दिसेल की दोन सी आणि दोन एम असलेलं खरं स्पेलिंगच विचित्र वाटायला लागेल. रेस्टॉरंटमधला टीच्या पुढचा ए यू तर किनाऱ्यावर जवळपास नामशेष झालाय. त्यात भर म्हणून पोरं टेलिग्रामवरून पीडीएफ उतरवतात, हजार प्रश्नांची, आणि दिवसभर टिकमार्क करत बसतात. आता 'बरोबर स्पेलिंग ओळखा' या प्रकारात एक बरोबर आणि तीन चुकीची असतात. म्हणजे एकेका बरोबर शब्दामागे तीन चुकीचे डोळ्यात भरून घेताय तुम्ही, आणि वर म्हणताय प्रॅक्टिस चाललीय! ही प्रॅक्टिस नाही, हे डोळे बिघडवणं आहे. आधी शब्द हाताने लिहून पक्के करा, टेस्ट शेवटच्या महिन्यात द्या, पण हे ऐकतो कोण, सगळ्यांना शॉर्टकट पाहिजे.

माझ्या क्लासात वहीत फक्त बरोबर स्पेलिंग लिहायचं असा दंडक आहे. चुकीचं शेजारी लिहून त्यावर फुली मारायची नाही, फुली विसरते आणि शब्द लक्षात राहतो. अक्षरं मोठ्याने म्हणत लिहायचं, जिथे चुकतं ते अक्षर लाल पेनाने.

बाकीचं थोडक्यात. आपण मराठीत जसं बोलतो तसं लिहितो, ती सवय देवनागरीत चालते, इंग्रजीत नडते. गव्हर्मेंट, एन्व्हायर्मेंट म्हणतो म्हणून त्यातला एन उडतो. मेंटेनन्सच्या मधे मेंटेनचा ए आय घुसवतात, तिथे ई असतो. कॅलेंडर आणि ग्रामर दोन्ही ए आर ने संपतात. फेब्रुवारीत मात्र आपली मराठी कामी येते, आपण बीनंतरचा आर नीट म्हणतो, त्यामुळे तिथे चुकलात तर माफी नाही.

'आय आधी, ई नंतर, सी आला तर उलटं' हा नियम घोकून येतात आणि सायन्स, एन्शंट, सफिशंट दिसलं की चुकीचं ठरवतात. तो नियम फक्त दीर्घ ई ऐकू येतो तिथे बघायचा, रिसीव्ह, सीलिंग, बिलीव्ह असा, आणि तिथेही सीझ, वीअर्ड, प्रोटीन निसटतातच. ब्रिटनमध्ये २००९ साली सरकारी मार्गदर्शिकेतच शिक्षकांना सांगून टाकलं होतं की हा नियम शिकवण्यात अर्थ नाही.

डबल अक्षरांचं त्यापेक्षा बरं आहे. ई डी वगैरे जोडताना शब्दाच्या शेवटी एक स्वर आणि एक व्यंजन असेल आणि उच्चाराचा जोर शेवटच्या भागावर असेल तर सहसा शेवटचं अक्षर डबल, म्हणून ऑकर्ड (घडलं) आणि रिफर्डला आर दोन, ऑफर्ड आणि व्हिजिटेडला डबल काही नाही. रेफरन्समध्ये जोर पहिल्या भागावर सरकला म्हणून आर एकच. ट्रॅव्हलचा एल ब्रिटिश स्पेलिंगमध्ये तरीही डबल होतो, तो तसाच पाठ करा.

कलरमध्ये यू दिसला, फोनने खाली लाल रेघ मारली, की चूक म्हणून सांगतात. फोनची भाषा अमेरिकन ठेवलेली असते, तो यू ब्रिटिश आहे आणि आपल्याकडे बरोबरच धरतात. फोनची सेटिंग बदला, शब्द नको.

सीड असा शेवट आला की लक्षात ठेवा, सी डबल ई डी फक्त एक्सीड, प्रोसीड आणि सक्सीडला. एस ई डी ई एकट्या सुपरसीडला. बाकी सगळे सी ई डी ई.

आणि ऑल करेक्टला घाबरू नका. काही पोरं तो पर्याय कधीच घेत नाहीत, चूक असलीच पाहिजे म्हणून चांगल्या शब्दात खोट काढतात, आणि चुकीच्या उत्तराला बँकेत पाव मार्क जातो, स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएलमध्ये, म्हणजे पदवीधरांच्या परीक्षेत, पहिल्या टप्प्यात दोनपैकी अर्धा, हिशेब तोच. चारही शब्द शेवटून, तोडून बघितले, काही सापडलं नाही, तर ऑल करेक्ट करा आणि पुढच्या प्रश्नाला जा.