चामड्याच्या कामाची पहिली हत्यारं घेताना या चुका टाळा

चाळीस-पन्नास नगांचा 'बिगिनर किट' मागवणं ही पहिली चूक. त्यात नक्षीचे छापे आणि रिव्हेट बसवायचे ठोकळे भरपूर असतात. पण काम ज्यांच्यावर चालतं ती सुरी, स्टिचिंग चिझल (टाक्यांची भोकं पाडायचं दातेरी हत्यार), ठोकायची मोगरी आणि सुया सगळ्यात हलक्या प्रतीच्या असतात. त्याच पैशांत ही चार हत्यारं सुटी, बरी बघून घ्यावीत. पाकिटापासून बेल्टपर्यंत सगळं त्यांच्यावर निघतं.

काप तिरका येतो

9 मिमी पात्याचा स्टेशनरीतला कटर कागदासाठी असतो. जाड चामड्यात त्याचं पातं वाकतं. वरून काप सरळ दिसतो, पण उलटून बघितलं की माप चुकलेलं. 18 मिमीचा कटर घ्या आणि पातं एकच खण, म्हणजे पात्यावरच्या दोन मोडरेघांमधल्या तुकड्याएवढं, बाहेर काढा. पहिला हात हलका, नुसती रेघ पाडण्यापुरता. मग दोन-तीन हातांत आरपार. स्टीलची पट्टी नेहमी ठेवायच्या तुकड्यावर दाबावी, म्हणजे पातं सटकलं तरी घाव टाकाऊ भागावर बसतो.

रापी, म्हणजे चामडं कापायची पारंपरिक सुरी, घ्यायचा मोह अनेकांना होतो. कोल्हापुरी चपला करणारे कारागीर कापणं आणि छिलणं दोन्ही रापीनेच करतात, हे खरं. पण रापी धारेवर जगते. धार लावायची सवय नसेल तर ती चामडं कापत नाही, ओढते. तोवर कटरचा बोथट खण मोडून पुढे जाणंच बरं. सवय करायचीच तर लाकडी फळीवर चामड्याचा पट्टा खरखरीत बाजू वर करून चिकटवा, त्यावर हिरवं पॉलिशिंग कंपाउंड घासा आणि पातं धारेच्या उलट दिशेने, म्हणजे पाठीकडे ओढत, दोन्ही अंगांनी पंधरा-वीस वेळा फिरवा.

टाके वाकडे, भोकं फाटलेली

इथे हाताला दोष दिला जातो, पण बहुतेक वेळा मापं एकमेकांशी जुळलेली नसतात. चिझलचे दाते 4 मिमी अंतराचे असतील तर दोरा 0.6 ते 0.8 मिमीचा. 3 मिमी अंतराच्या भोकांत 1 मिमी दोरा कोंबला की टाके एकमेकांवर चढतात आणि दोन भोकांमधलं चामडं तुटतं. नवशिक्याने 4 मिमी घ्यावं. पाकिटाला फार मोठं दिसत नाही, पिशवीलाही चालतं.

चिझल दोन लागतात: सरळ रेषेला चार किंवा सहा दात्यांचं, वळणाला दोन दात्यांचं. दोन्ही एकाच कंपनीची घ्या. कुणी अंतर टोकापासून टोकापर्यंत मोजतो, कुणी दोन दात्यांमधली फट मोजतो, त्यामुळे छापलेला आकडा सारखा असूनही वळणावर टाक्याचा आकार बदलतो. प्रत्येक ठोक्याआधी पहिला दाता मागच्या शेवटच्या भोकात टेकवा आणि चिझल काटकोनात धरा. ते जरा कललं तरी पुढून शिवण सरळ आणि मागून नागमोडी येते. 'प्रिकिंग आयर्न' नावाचं हत्यार चिझलसारखंच दिसतं, पण ते फक्त खुणा पाडतं. भोक पाडायला त्यानंतर आरी लागते. विकत घेण्याआधी हे विचारून घ्या.

चिझल अडकलं तर डावी-उजवीकडे हलवू नका, दाते वाकतात. चामडं एका हाताने दाबून सरळ वर ओढा. ठोकण्याआधी दात्यांना मेण लावलं की अडकणं खूप कमी होतं.

सुया दोन, दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक, बोथट टोकाच्या. शिवणकामाची टोकदार सुई भोकात आधीच असलेल्या दोऱ्यातून आरपार जाते आणि टाका ओढलाच जात नाही. दोरा शिवणीच्या चौपट, वर सुयांसाठी वीसेक सेंमी.

दाते लवकर बोथट होतात

लोखंडी हातोडी चिझलचं डोकं पसरवते. नायलॉनची किंवा लाकडी मोगरी हवी, साधारण अर्धा किलोची. खाली फरशी नको. दाते आरपार जाऊन तिच्यावर आपटतात. स्वयंपाकघरातला जाड प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड उत्तम. हिरवी कटिंग मॅट कापायला ठीक, ठोकायला नाही.

कड चकचकीत होत नाही

यात हत्याराचा दोष क्वचितच. क्रोमने कमावलेलं मऊ चामडं घासून चकाकत नाही, त्याला एज पेंट, म्हणजे कडेला लावायचा रंगच लागतो. हिरडा, बाभूळ अशा वनस्पतींनी कमावलेलं असेल तर कड आधी कानशीने, मग 400 आणि 800 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, थोडं पाणी लावा आणि लाकडी स्लिकर (कड घासून गुळगुळीत करायचं हत्यार) जोरात फिरवा. पाणी जास्त झालं तर कड फुगून पसरते. एज बेव्हलर (कडेचा कोपरा छिलायचं हत्यार) सुरुवातीला 1 नंबरचा पुरे. 1 मिमीच्या चामड्यावर तो चालवूच नका, कड खाऊन टाकतो.

वनस्पतींनी कमावलेल्या याच चामड्याचा लोखंडाशी उभा दावा आहे. ओल्या तुकड्यावर गंजका स्क्रू किंवा कटरची तुटकी पाती राहिली तर काळे-निळे डाग पडतात, कारण चामड्यातलं टॅनिन लोहाशी संयोग पावतं. डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसाने फिका होतो. कोकणातल्या पावसाळ्यात हत्यारं शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात देऊन कापडात गुंडाळून ठेवा. चामड्याच्या खिशात ठेवू नका, ते दमट होऊन गंज चढवतं. आणि कामाला घेण्याआधी तेल पूर्ण पुसा. फिक्या चामड्यावर पडलेला तेलाचा डाग लिंबाने जात नाही.