विधानं-निष्कर्षाचे प्रश्न: आधी गोल काढा, मग निष्कर्ष मोडून बघा

एमपीएससी राज्यसेवा पूर्वच्या सीसॅटला (आकलन अन् बुद्धिमत्तेचा पेपर) 80 प्रश्न अन् 2 तास, म्हणजे एका प्रश्नाला फक्त दीड मिनिट, त्यात उतारेच जीव खातात, म्हणून हे प्रश्न पटकन सुटायला हवेत.

उदाहरण घ्या. सर्व आंबे फळं आहेत, काही फळं आंबट आहेत. निष्कर्ष: काही आंबे आंबट आहेत. बहुतेक जण 'बरोबर' टिक करतात कारण कैरी डोळ्यासमोर येते ना! पण पेपरात घरचं ज्ञान चालत नाही, दिलंय तेवढंच खरं धरायचं. फळांचा मोठा गोल काढा, आत आंब्यांचा छोटा, आता आंबटचा गोल आंब्यांना न शिवता फळांत घुसवता येतो का बघा. येतो! मग निष्कर्ष गेला. एक जरी आकृती निष्कर्ष मोडत असेल तर तो निघत नाही, बस.

'सर्व अ ब आहेत' वरून 'काही ब अ आहेत' निघतं, 'सर्व ब अ आहेत' नाही.

कधी दोन निष्कर्ष देतात. दोन्ही एकेकटे निघत नाहीत, पण एक 'काही अ ब आहेत' अन् दुसरा 'एकही अ ब नाही' असेल तर उत्तर 'एकतर हा किंवा तो'. मी इथेच कितीदा आपटलोय.

रोज दहाच सोडवा, पण चुकलेल्याची आकृती परत काढा.